कालसंकेत : हजारो यंत्रांना एकाच क्षणाशी बांधणारी भाषा

मुनिरका (नवी दिल्ली) : दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे एक गाव. आज त्याच्या पोटातून मेट्रोची मॅजेंटा मार्गिका जाते. याच मार्गिकेवर २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील पहिली चालकविरहित मेट्रो गाडी सुरू झाली. मुनिरक्याच्या जवळच, कटवारिया सराय येथील कुतुब संस्थात्मक परिसरात राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र आहे. संपूर्ण देशाच्या वीजजाळ्यावर तेथून अहोरात्र नजर ठेवली जाते. याच शहराच्या पुसा भागात राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा असून भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी तिच्याकडे आहे. गाडी, वीज आणि घड्याळ या तीन गोष्टींना जोडणारा धागा सामान्य नागरिकाच्या दृष्टीस पडत नाही. तो म्हणजे प्रमाणित कालसंकेत. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला 'आता नेमके किती वाजले' हे सांगण्याची ती ठरलेली भाषा होय.

या भाषेत चूक झाली तर भिंतीवरचे घड्याळ मागे पडल्यासारखी किरकोळ गैरसोय होऊन भागत नाही. वीजजाळे कोसळल्यानंतर आधी कोणती वाहिनी बंद पडली हे ठरवता येत नाही, विजेच्या देवाणघेवाणीचा हिशेब बिघडतो आणि दूर अंतरावरून घेतलेली मोजमापे एकमेकांशी जुळेनाशी होतात. म्हणूनच कालसंकेत म्हणजे काय, ते कसे रचलेले असतात, ते कोठून येतात आणि त्यांचा भरवसा कितपत धरावा, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

प्रत्येक यंत्राला घड्याळ असूनही

आजच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांत स्वतःचे घड्याळ असते. क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर ते चालते. हा स्फटिक स्वस्त आणि टिकाऊ असला, तरी तापमान, वय आणि विद्युतदाब यांनुसार त्याची गती किंचित बदलते. दहा लाखांत वीस भाग इतकी चूक असलेला स्फटिक दिवसाकाठी सुमारे पावणेदोन सेकंद पुढे किंवा मागे जातो. मनगटावरच्या घड्याळासाठी ही चूक क्षम्य आहे. शेकडो किलोमीटर अंतरावरच्या दोन उपकेंद्रांतील नोंदींची तुलना करायची असेल, तर तीच चूक घातक ठरते.

भारतातील वीजजाळ्यात विद्युतप्रवाह सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करतो. एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात. एका आवर्तनाचे ३६० अंश मानले, तर एका मिलिसेकंदात विद्युतदाबाचा कोन १८ अंशांनी सरकतो. दोन उपकेंद्रांतील घड्याळांत केवळ एका मिलिसेकंदाची तफावत असली, तरी त्यांच्यातील कोनाच्या मोजमापात १८ अंशांची चूक होते. दोन ठिकाणांमधील कोनाचा फरक हाच वीजप्रवाहाची दिशा आणि ताण सांगणारा निर्देशक असतो. त्यामुळे इतक्या चुकीच्या आकड्यावर कोणताही निर्णय घेणे शक्य नसते.

यावर उपाय एकच. प्रत्येक उपकरणाच्या घड्याळाला दर क्षणी एखाद्या विश्वासू घड्याळाशी जुळवून घ्यायला लावणे. तांत्रिक परिभाषेत याला समकालन म्हणतात. पण निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे एकाच घड्याळाचे ऐकणार कशी, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी सर्वांना समजेल अशी एकच लिपी लागते.

क्षेपणास्त्रांच्या चाचणीतून जन्म

अशी लिपी प्रथम अमेरिकेच्या लष्करी चाचणी-क्षेत्रांना हवी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर क्षेपणास्त्रांच्या चाचण्या वाढल्या. एकाच उड्डाणाचा मागोवा रडार, कॅमेरे आणि दूरमापन यंत्रे निरनिराळ्या ठिकाणांहून घेत. नंतर या सर्व नोंदी एकत्र मांडायच्या, तर प्रत्येक नोंदीवर एकाच घड्याळाचा शिक्का असणे भाग होते. प्रत्यक्षात प्रत्येक चाचणी-क्षेत्राने आपापली पद्धत वापरात आणली होती, त्यामुळे एका क्षेत्रातील नोंद दुसऱ्या क्षेत्रातील यंत्राला वाचता येत नसे.

हा घोळ मिटवण्याचे काम 'इंटर-रेंज इन्स्ट्रुमेंटेशन ग्रुप' या गटाने १९५६ मध्ये हाती घेतले. १९६० मध्ये पहिले प्रमाण स्वीकारले गेले. गटाच्या नावातील आद्याक्षरांवरून हे संकेत जगभर 'इरिग' या नावाने ओळखले जातात. पुढे त्यांत वेळोवेळी सुधारणा झाल्या आणि २०१६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. मूळ कल्पना मात्र साठ वर्षांहून अधिक काळ जवळजवळ जशीच्या तशी टिकून आहे. चुंबकीय फितीवर नोंद करण्याच्या जमान्यात तयार झालेली ही लिपी आज सूक्ष्मप्रक्रियकांच्या जगातही वापरली जाते.

ए, बी, डी, ई, जी, एच

इरिग संकेतांचे सहा मुख्य प्रकार आहेत. त्यांतील भेद वेगाचा आहे. 'ए' प्रकारात सेकंदाला १,००० स्पंद पाठवले जातात आणि वेळेचा एक संपूर्ण निरोप दहाव्या हिश्श्याच्या सेकंदात पूर्ण होतो. 'बी' प्रकारात सेकंदाला १०० स्पंद असून निरोप एका सेकंदाचा असतो. 'जी' हा सर्वांत वेगवान. त्यात सेकंदाला १०,००० स्पंद असतात आणि निरोप १० मिलिसेकंदांत संपतो. 'ई' प्रकारात सेकंदाला १० स्पंद आणि १० सेकंदांचा निरोप, 'एच' प्रकारात सेकंदाला एक स्पंद आणि एका मिनिटाचा निरोप, तर 'डी' या सर्वांत संथ प्रकारात मिनिटाला एक स्पंद आणि एका तासाचा निरोप अशी रचना आहे.

वेगवान प्रकार उड्डाण-चाचण्यांतील क्षणभंगुर घटनांसाठी उपयोगी पडतात, तर संथ प्रकार दीर्घकाळ चालणाऱ्या नोंदींसाठी. नागरी वापरात मात्र 'बी' प्रकारानेच बाजी मारली. वीज उपकेंद्रे, दूरसंचार यंत्रणा आणि प्रयोगशाळा यांत 'इरिग-बी' हा शब्द कालसंकेताला पर्यायी शब्द म्हणूनच रूढ झाला आहे.

एका सेकंदातला निरोप

इरिग-बी संकेताची रचना सोपी आहे. एका सेकंदाचे १०० समान भाग पाडले जातात. प्रत्येक भाग १० मिलिसेकंदांचा असतो आणि त्याच्या आरंभी एक स्पंद सुरू होतो. तो स्पंद किती वेळ टिकतो यावरून त्याचा अर्थ ठरतो. २ मिलिसेकंद टिकला तर 'शून्य', ५ मिलिसेकंद टिकला तर 'एक' आणि ८ मिलिसेकंद टिकला तर ती स्थानदर्शक खूण समजावी, असा करार आहे.

स्थानदर्शक खुणा दर दहाव्या जागी येतात. वाक्यात विरामचिन्हे असावीत, तसे त्यांचे काम. ८ मिलिसेकंदांचे दोन स्पंद लागोपाठ आले की नवा निरोप सुरू झाला, हे ऐकणाऱ्या यंत्राला कळते. या जोडीतील दुसऱ्या स्पंदाची चढती कड हाच त्या सेकंदाचा नेमका आरंभ. 'आता' म्हणजे नेमके कधी, याचे उत्तर त्या एका कडेत दडलेले असते. बाकीचे स्पंद केवळ त्या 'आता'चे नाव सांगतात.

हे नाव दशमान आकड्यांच्या द्विमान रूपात लिहिले जाते. आधी सेकंद, मग मिनिटे, मग तास आणि शेवटी वर्षातील दिवसाचा क्रमांक असा क्रम असतो. समजा, सेकंदाचा आकडा ३७ आहे. एकम स्थानच्या ७ साठी एक, दोन आणि चार या किमतींच्या जागी 'एक' आणि आठच्या जागी 'शून्य' येते. त्यानंतर एक जागा रिकामी सोडून दशम स्थानच्या ३ साठी दहा आणि वीस या किमतींच्या जागी 'एक', तर चाळीसच्या जागी 'शून्य' येते. लहान किमतीचा अंक आधी आणि मोठ्या किमतीचा नंतर, हा नियम शेवटपर्यंत पाळला जातो.

तारीख आणि महिना या संकेतात नसतात. वर्षाचा पहिला दिवस १ आणि शेवटचा ३६५ किंवा ३६६ असे दिवस सलग मोजले जातात. महाराष्ट्र दिन, म्हणजे १ मे, लीप नसलेल्या वर्षात १२१ वा दिवस ठरतो. याखेरीज मध्यरात्रीपासून उलटलेल्या सेकंदांची सलग संख्याही निरोपाच्या शेवटच्या भागात दिली जाते. सकाळी साडेदहा वाजता ही संख्या ३७,८०० असते. एकच वेळ दोन पद्धतींनी सांगितल्यामुळे ऐकणाऱ्या यंत्राला पडताळणी करता येते.

मूळ रचनेत वर्षाला स्थान नव्हते. चाचणीच्या दिवशी कोणते वर्ष चालू आहे हे सर्वांना ठाऊक असे. अनेक वर्षे अखंड चालणाऱ्या उपकेंद्रात मात्र ही उणीव जाणवू लागली. लीप वर्ष आहे की नाही हे कळल्याशिवाय दिवसाच्या क्रमांकावरून तारीख काढता येत नाही. त्यामुळे पुढील प्रमाणांत वर्षासाठी जागा राखण्यात आली.

भारताचा अर्धा तास

इरिगच्या रचनेत काही जागा वापरणाऱ्यांच्या मर्जीवर मोकळ्या सोडलेल्या होत्या. वीजक्षेत्रासाठी १९९५ मध्ये आलेल्या 'आयईईई १३४४' या प्रमाणाने त्या जागांना ठरावीक अर्थ दिला. वर्ष, येऊ घातलेला लीप सेकंद, स्थानिक वेळ आणि जागतिक वेळ यांतील अंतर, तसेच घड्याळाच्या विश्वासार्हतेची पायरी अशी माहिती त्यांत बसवण्यात आली. वीजजाळ्यातील कोनमापनासाठीच्या पुढील प्रमाणांनीही हीच मांडणी चालू ठेवली.

यात भारताच्या दृष्टीने एक लहानशी पण महत्त्वाची तरतूद आहे. जगातील बहुतेक देशांची वेळ जागतिक वेळेपेक्षा पूर्ण तासांनी पुढे किंवा मागे असते. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे अंतर सांगणाऱ्या आकड्यांबरोबर 'अर्धा तास' दाखवणारा एक स्वतंत्र अंक या रचनेत ठेवला गेला. परदेशी बनावटीचे उपकरण भारतातील उपकेंद्रात बसवताना हा अंक विसरला गेला, तर प्रत्येक नोंद नेमकी अर्ध्या तासाने चुकते. चूक अशी नीटनेटकी असल्यामुळे ती चटकन लक्षातही येत नाही.

तारेवरचा प्रवास

हा निरोप दोन प्रमुख मार्गांनी पाठवला जातो. पहिल्या मार्गात विद्युतदाबाची पातळी थेट वर-खाली केली जाते. या पद्धतीत कड तीक्ष्ण असल्याने एका मायक्रोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या, आसपास अचूकता मिळते. दुसऱ्या मार्गात १ किलोहर्ट्झची वाहक लहर वापरली जाते आणि तिची उंची कमी-जास्त करून स्पंद दाखवले जातात. ही लहर ध्वनीच्या पट्ट्यात येत असल्याने ती फितीवर नोंदवता येते आणि लांबच्या तारांवरूनही पाठवता येते. मात्र लहरीचा नेमका आरंभबिंदू शोधणे कठीण असल्याने तिची अचूकता पहिल्या पद्धतीपेक्षा कमी राहते.

संकेताच्या प्रकारापुढे लिहिलेले तीन अंक हेच सांगतात. 'बी-०००' म्हणजे वाहक लहर नसलेला, थेट पातळीचा संकेत. 'बी-१२०' म्हणजे १ किलोहर्ट्झच्या लहरीवर बसवलेला संकेत. पहिला अंक पद्धत, दुसरा वाहक लहरीची वारंवारता आणि तिसरा निरोपातील मजकूर दर्शवतो. घड्याळ एका प्रकारचा संकेत देते आणि रिले दुसऱ्या प्रकारची अपेक्षा करतो, हा उपकेंद्र उभारणीतला नेहमीचा अडथळा आहे. खरेदीच्या वेळी हे तीन अंक तपासले, तर तो टळतो.

तारेची लांबीही विसरून चालत नाही. समाक्ष तारेतून संकेताला प्रत्येक मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे २०० मीटर तारेत एका मायक्रोसेकंदाचा उशीर होतो. जेथे मायक्रोसेकंदाला महत्त्व आहे, तेथे हा उशीर मोजून उपकरणात भरावा लागतो.

मूळ घड्याळ कोणाचे?

संकेत कितीही शिस्तबद्ध असला, तरी तो ज्या घड्याळाचा निरोप घेऊन येतो ते घड्याळ खरे असले पाहिजे. भारतात हा मान राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा आहे. जानेवारी १९५० मध्ये उद्घाटन झालेल्या या संस्थेत सीझियम आणि हायड्रोजन यांच्या अणुघड्याळांचा समूह आहे. १९६७ पासून सेकंदाची जागतिक व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर आधारलेली आहे. पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजने व मापे कार्यालयाकडे जगभरच्या प्रयोगशाळांतील घड्याळांची माहिती जमा होते आणि तिच्यातून जागतिक समन्वित वेळ निश्चित केली जाते. दिल्लीचे घड्याळ या वेळेशी काही नॅनोसेकंदांच्या मर्यादेत जुळलेले ठेवले जाते.

एका देशाने एकच वेळ पाळावी, हे आज स्वाभाविक वाटते. ते तसे नेहमीच नव्हते. १ जानेवारी १९०६ पासून ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर आधारलेली प्रमाणवेळ देशात लागू झाली. मुंबई शहराने मात्र आपली जुनी 'बॉम्बे टाइम' सोडली नाही. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती आणि १९५५ पर्यंत शहरात टिकून राहिली. एका शहरात दोन वेळा नांदण्याचा हा अनुभव मुंबईकरांच्या आधीच्या पिढ्यांनी घेतला आहे. यंत्रांच्या जगात आज नेमका तोच प्रश्न सूक्ष्म पातळीवर उभा आहे.

राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने ही वेळ देशभर पोहोचवण्याचे मार्ग काळानुसार बदलले. एकेकाळी 'एटीए' या संज्ञेने ओळखले जाणारे तिचे लघुलहरी प्रक्षेपण दिल्लीहून ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर ऐकू येत असे. पुढे इन्सॅट उपग्रहावरून वेळ प्रसारित होऊ लागली. दूरध्वनीवरून वेळ पुरवण्याची सेवाही होती. आज इंटरनेटवरील वेळ-सेवा हा तिचा मोठा मार्ग आहे. संगणक सुरक्षेची जबाबदारी असलेल्या 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सेवापुरवठादार आणि कंपन्यांनी आपल्या संगणकप्रणालींची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा या प्रयोगशाळेच्या वेळेशी जोडावीत, असे म्हटले. सायबर हल्ल्याचा तपास करताना नोंदींचा क्रम लावता यावा, हा त्यामागचा हेतू आहे.

वीजजाळ्याची कसोटी

कालसंकेताचे महत्त्व सर्वाधिक जाणवते ते वीजक्षेत्रात. ३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी ४०० किलोव्होल्टची बीना–ग्वाल्हेर वाहिनी बंद पडली आणि उत्तर विभागाचे जाळे कोसळले. सुमारे ३६,००० मेगावॉटच्या मागणीवर त्याचा परिणाम झाला. दुसऱ्याच दिवशी दुपारी १ वाजता उत्तर, पूर्व आणि ईशान्य विभाग एकाच वेळी अंधारात गेले. तेव्हा बाधित झालेली मागणी सुमारे ४८,००० मेगावॉट होती. ६० कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशाला त्याची झळ बसली.

अशा घटनेत काही सेकंदांत अनेक वाहिन्या एकामागून एक बंद पडतात. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्यांच्या क्रमावरूनच ठरते. प्रत्येक उपकेंद्रातील दोषनोंदक आणि घटनानोंदक यंत्रांनी एकाच घड्याळाचा शिक्का मारलेला असेल, तर हा क्रम लावता येतो. तसे नसेल, तर नंतर बंद पडलेली वाहिनी कागदावर आधी बंद पडलेली दिसू शकते आणि चौकशीचा रोख निरपराध ठिकाणाकडे वळू शकतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि परिसराचा वीजपुरवठा खंडित होऊन लोकल गाड्या जागीच थांबल्या. अशा प्रत्येक घटनेनंतर तपासाची पहिली पायरी असते ती वेळांच्या तक्त्याची.

जाळे कोसळल्यावर कारण शोधण्यापेक्षा ते कोसळण्याआधी ताण ओळखणे अधिक मोलाचे. त्यासाठी 'फेझर मापन एकक' नावाची उपकरणे वापरली जातात. ती निरनिराळ्या उपकेंद्रांतील विद्युतदाबाचा कोन एकाच क्षणी मोजतात आणि भारतात सेकंदाला २५ वेळा तो केंद्राकडे पाठवतात. उत्तर विभागात २०१० मध्ये प्रायोगिक तत्त्वावर त्यांचा वापर सुरू झाला. नंतर पॉवर ग्रिड महामंडळाने देशव्यापी प्रकल्प हाती घेतला. या उपकरणांसाठीच्या प्रमाणात एकूण चूक एक टक्क्यापेक्षा अधिक नसावी, अशी मर्यादा आहे. ५० हर्ट्झच्या जाळ्यात केवळ वेळेच्या चुकीने ही मर्यादा गाठायला सुमारे ३२ मायक्रोसेकंद पुरतात. इतर चुकांसाठी वाव ठेवायचा, तर घड्याळ एका मायक्रोसेकंदाच्या आसपास खरे असावे लागते.

भारताचे जाळे आज एकसंध आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ किलोव्होल्टची रायचूर–सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण विभाग उर्वरित देशाशी एकाच वारंवारतेवर जुळला. सोलापूरच्या या जोडणीने 'एक देश, एक जाळे' ही कल्पना प्रत्यक्षात आली. पण जाळे जितके मोठे, तितके एकाच घड्याळावरचे अवलंबित्व अधिक. काश्मीरमधील दोलनाचा परिणाम तमिळनाडूत पोहोचू शकतो, आणि तो ओळखायचा तर दोन्हीकडची घड्याळे एक असावी लागतात.

वाहिनीवर दोष नेमका कोठे झाला, हे शोधण्यासाठीही वेळच कामी येते. दोषाच्या जागेवरून निघालेली विद्युतलहर जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, मायक्रोसेकंदाला सुमारे ३०० मीटर, दोन्ही टोकांकडे धावते. दोन टोकांना ती कधी पोहोचली यातील फरकावरून अंतर काढता येते. दोन घड्याळांत एका मायक्रोसेकंदाची तफावत असेल, तर जागा सुमारे १५० मीटरने चुकते. सह्याद्रीच्या घाटात पावसाळ्यात मनोरा शोधत फिरणाऱ्या दुरुस्ती पथकासाठी हा फरक एका मनोऱ्याहून लहान की मोठा, हे महत्त्वाचे असते.

पैशाचा हिशेबही घड्याळाशीच बांधलेला आहे. वीज किती घेतली आणि किती दिली याची मोजणी १५ मिनिटांच्या टप्प्यांत होते. दिवसाचे असे ९६ टप्पे पडतात. उपलब्धतेवर आधारित वीजदराची ही पद्धत १ जुलै २००२ रोजी देशात सर्वप्रथम पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्राचा समावेश असलेल्या विभागात, लागू झाली. मीटरचे घड्याळ सरकले, तर एका टप्प्यातील वीज शेजारच्या टप्प्यात मोजली जाते आणि दोन्ही टप्प्यांचे दर वेगळे असल्यास देयक चुकते.

खोडद ते मुनिरका

विज्ञानातही हीच गरज आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची मिळून बनलेली आहे. या अँटेनांनी टिपलेले संकेत एकत्र करताना प्रत्येकाचा काळ जुळावा लागतो. स्पंदक ताऱ्यांच्या ठेक्यांत वर्षानुवर्षे होणारे अत्यंत सूक्ष्म बदल मोजून गुरुत्वीय लहरींची चाहूल घेणाऱ्या संशोधनात या दुर्बिणीची निरीक्षणे वापरली गेली आणि त्याचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये जाहीर झाले. आकाशातल्या घड्याळाची परीक्षा घ्यायची, तर जमिनीवरचे घड्याळ निर्दोष असावे लागते.

मेट्रोत या शिस्तीचे दैनंदिन रूप दिसते. अशा व्यवस्थेत एक मुख्य घड्याळ उपग्रहाकडून वेळ घेते आणि स्थानकांवरील घड्याळे, सिग्नल यंत्रणा, कॅमेरे आणि नियंत्रण कक्षातील नोंदी यांना तीच वेळ पुरवते. एखादी घटना घडली, तर कॅमेऱ्यातील दृश्य आणि सिग्नलची नोंद एकाच घड्याळावर वाचता येते.

उपग्रहावर विसंबण्याची किंमत

आज बहुतेक ठिकाणी इरिग संकेत तयार करणारे घड्याळ आपली वेळ जीपीएस उपग्रहांकडून घेते. छतावर एक लहान अँटेना बसवली की अणुघड्याळाच्या दर्जाची वेळ फुकट मिळते. या सोयीमागे धोकाही आहे. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना चुकीची माहिती प्रसारित झाली आणि जगभरच्या अनेक घड्याळांत सुमारे १३ मायक्रोसेकंदांची चूक शिरली. कित्येक तास दूरसंचार आणि प्रसारण यंत्रणांत इशारे वाजत राहिले. उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण होतो. त्यामुळे तो दाबून टाकणे किंवा त्याची नक्कल करणे तुलनेने सोपे असते.

शिवाय ही व्यवस्था परक्या देशाच्या लष्कराच्या हाती आहे. भारताने त्याला पर्याय म्हणून 'नाविक' ही प्रादेशिक उपग्रह व्यवस्था उभारायला घेतली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी अवकाशात गेला. याच उपग्रहातील आयात केलेली रुबिडियम अणुघड्याळे पुढे निकामी झाली आणि घड्याळ स्वतःचे असण्याचे महत्त्व अधोरेखित झाले. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या 'एनव्हीएस-०१' उपग्रहात अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने विकसित केलेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसवण्यात आले.

जमिनीवरचा पर्यायही आकार घेत आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभाग, राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आणि इस्रो यांच्या सहकार्याने अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील प्रादेशिक प्रयोगशाळांतून प्रमाणवेळ वितरित करण्याची योजना आखण्यात आली. वैधमापनशास्त्र कायद्याखाली भारतीय प्रमाणवेळेचा वापर बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदाही जानेवारी २०२५ मध्ये जनतेच्या सूचनांसाठी खुला करण्यात आला.

तोवर प्रत्येक घड्याळाची स्वतःची ताकद महत्त्वाची राहते. उपग्रहाचा संपर्क तुटल्यावर ते किती काळ खरी वेळ धरून ठेवते, यावर त्याची पारख होते. साध्या स्फटिकाचे घड्याळ काही मिनिटांतच मायक्रोसेकंदाची मर्यादा ओलांडू शकते. तापमान-नियंत्रित स्फटिक किंवा रुबिडियम घड्याळ बराच अधिक काळ तग धरते. वेळेच्या विश्वासार्हतेची पायरी संकेतातच पाठवण्याची सोय याचसाठी आहे. 'मला खात्री नाही' असे सांगणारे घड्याळ चुकीची वेळ ठामपणे सांगणाऱ्या घड्याळापेक्षा केव्हाही चांगले.

जुने टिकले कसे?

इरिगला स्पर्धक नाहीत असे नाही. संगणकांच्या जाळ्यातून वेळ पोहोचवणारी 'एनटीपी' पद्धत १९८० च्या दशकापासून वापरात आहे. तिची अचूकता सर्वसाधारणपणे मिलिसेकंदांच्या घरात असते. २००२ मध्ये प्रथम आलेले आणि २००८ व २०१९ मध्ये सुधारलेले 'आयईईई १५८८' हे प्रमाण नेटवर्कच्या तारेवरूनच मायक्रोसेकंदाहून सूक्ष्म अचूकता देते. नव्या डिजिटल उपकेंद्रांचा कल तिकडेच आहे. मात्र त्यासाठी मार्गातील प्रत्येक जोडणी-यंत्र या प्रमाणाला साथ देणारे असावे लागते.

इरिगचे बळ त्याच्या साधेपणात आहे. एक तार, सेकंदाला शंभर स्पंद आणि तीनच लांबींची लिपी. ऐकणाऱ्याने उलट उत्तर द्यायचे नसते, पासवर्ड नसतो, जोडणी हरवत नाही. बिघाड झाला तर तंत्रज्ञ साध्या दोलनदर्शकावर स्पंद डोळ्यांनी वाचू शकतो. तीस वर्षांपूर्वीचा रिले आणि गेल्या महिन्यात बसवलेला रिले एकाच तारेवरून एकच वेळ ऐकू शकतात. देशातील हजारो उपकेंद्रे एका रात्रीत बदलता येत नाहीत. म्हणून जुनी आणि नवी पद्धत आणखी बराच काळ शेजारी शेजारी नांदेल, असे दिसते.

मुनिरक्याच्या स्थानकात गाडी येते, दारे उघडतात आणि दिवे स्थिर राहतात. त्याच सेकंदाला शेजारच्या कटवारिया सरायमध्ये देशभरातून आलेल्या मोजमापांच्या नोंदी एकाखाली एक मांडल्या जात असतात. त्या एकाखाली एक बसतात, कारण प्रत्येकीवर एकाच क्षणाचा शिक्का असतो.